‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’



व्याख्यानमालेच्या चिटणीसांना आम्ही आमचा विषय कळवला तेव्हा त्यांनी काळजीच्या सुरात विचारले, की हा विषय वैशाखातल्या संध्याकाळी लोकांना पेलेल काय? कळवलेला विषय होता, ‘ल्यूसीन या जावा भाषेतील शोध-लायब्ररीत एक्सेप्शन आणि थ्रेड यांची व्यवस्था’. काळजी रास्त होती. काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीताची मैफल रंगली, आणि आज आम्ही लोखंडाचे चणे घेऊन उभे राहणार! आम्ही त्यांना इतकेच म्हणालो, की नाव परके असले तरी विषय आपल्या गावच्या वाचनालयाचा आहे, आणि तेथूनच आम्ही सुरुवात करू.

आमच्या लहानपणी गावच्या वाचनालयात एक ग्रंथपाल होते. पुस्तकाचे नाव सांगितले की ते कार्डांची पेटी ओढीत आणि तीनपैकी एक उत्तर देत. पहिले उत्तर, “हे घ्या.” दुसरे, “आपल्याकडे नाही.” आणि तिसरे असे : “चार नंबरच्या कपाटाची किल्ली अण्णांकडे राहिली आहे. ते उद्या येतील. तोवर पुस्तक आहे की नाही, सांगता येत नाही.” या तिसऱ्या उत्तराचा आम्हाला त्या वयात फार राग येई. किल्ली नाही तर सरळ ‘नाही’ म्हणावे, उगाच उद्याचा हेलपाटा कशाला? पुढे आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे संगणकाकडून शोधकाम करवून घेण्यात गेली, तेव्हा त्या ग्रंथपालांची योग्यता आम्हाला कळली. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. ती एकसारखी दिसू लागली, की शोध घेणाऱ्याची फसवणूक होते. आणि ती त्याच्या लक्षातही येत नाही, हे त्याहून वाईट.

आता ल्यूसीनकडे वळू. संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी उसनी घ्यावी अशा तयार कामांची शिदोरी. डग कटिंग या अमेरिकन गृहस्थांनी ही लायब्ररी १९९९ च्या सुमारास लिहिली आणि पत्नीचे मधले नाव तिला दिले. २००१ साली ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आली, आणि तेव्हापासून देशोदेशींची माणसे तिची देखभाल करीत आली आहेत. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही शोधाची दोन मोठी दुकाने याच भांडवलावर उभी आहेत. मराठी विकिपीडियाच्या शोधपेटीत आपण ‘सह्याद्री’ हा शब्द टाकलात, तर तळाशी काम करते ती ल्यूसीनच. म्हणजे या सभेत बसलेल्या पुष्कळ मंडळींनी, नाव न ऐकताही, तिची सेवा घेतली आहे.

तिचे काम ग्रंथाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीसारखे. कोणता शब्द कोणत्या मजकुरात आला आहे याची सूची आधीच करून ठेवायची, म्हणजे विचारल्यावर सगळे ग्रंथ चाळावे लागत नाहीत. सूची लिहिणारा जो भाग आहे त्याला इंडेक्स-रायटर म्हणतात. आम्ही त्याला लेखनिक म्हणू. सूची वाचून उत्तर देणारा इंडेक्स-सर्चर. तो आपला शोधक. एवढी दोन पात्रे ध्यानात ठेवली म्हणजे आजचे नाटक समजेल.

एक्सेप्शन म्हणजे काय? जावा भाषेत एक काम दुसऱ्याला सांगते, दुसरे तिसऱ्याला सांगते. तलाठ्याला प्रश्न पडला आणि त्याचा निर्णय त्याच्या अधिकारात नसला, तर तो कागद मामलेदाराकडे पाठवतो. मामलेदारालाही जमेना तर कागद कलेक्टरकडे जातो. एक्सेप्शन हा असा वर जाणारा लखोटा आहे. त्यात लिहिलेले असते, की सांगितलेले काम झाले नाही, आणि का झाले नाही. वाटेत ज्याने ‘कॅच’ म्हणून हात पुढे केला असेल, तो लखोटा उघडतो. कोणीच हात पुढे केला नाही, तर लखोटा थेट माथ्यापर्यंत जातो आणि ते सबंध कामच तेथे थांबते.

जावाच्या कर्त्यांनी, १९९५ साली ही भाषा जगापुढे मांडताना, एक कडक नियम घातला होता. काही जातींचे लखोटे असे, की ज्याच्या हाती ते येऊ शकतात त्याने एक तर ते उघडून निकालात काढावे, नाही तर ‘मी ते पुढे पाठवतो’ असे जाहीर लिहून द्यावे. दोन्ही केले नाही तर प्रोग्रॅम तयारच होणार नाही. फाइल वाचता न येणे, डिस्क भरणे, असल्या अडचणी या जातीत मोडतात, आणि ल्यूसीनचे सारे काम फायलींशी असल्यामुळे तिच्यात हे लखोटे पावलोपावली आहेत. हेतू उत्तम होता. परंतु कायद्याच्या कडकपणाने जे नेहमी होते ते येथेही झाले. घाईतला कारकून लखोटा हाती घेतो, न उघडता खणात टाकतो, आणि वर कळवतो, ‘सर्व ठीक’. प्रोग्रॅमच्या भाषेत याला रिकामा कॅच म्हणतात. यंत्राचे समाधान होते, वरिष्ठांचेही होते. मागून आलेल्या सी-शार्प भाषेच्या कर्त्यांनी तर असल्या सक्तीचा नियम ठेवलाच नाही. आमच्या मते नियमापेक्षा खण अधिक दोषी आहे. पण हे मत आम्ही अनुभवाने पोळल्यावर बनवलेले आहे, आणि तो अनुभव आपल्याला सांगितलाच पाहिजे.

एका संस्थेकडे एका जुन्या साप्ताहिकाचे अंक होते. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक आमची होती. अंकांची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर संगणकात उतरवला होता, आणि त्याची सूची करण्याचे काम आमच्याकडे आले. दररोज रात्री त्या दिवशीचे नवे अंक लेखनिकाच्या हवाली करायचे, अशी योजना. काही अंकांचा मजकूर इतका विस्कटलेला उतरला होता, की तो देताना एक्सेप्शन येई आणि रात्रीचे सबंध काम मध्येच थांबे. आम्हाला पहाटे उठून ते पुन्हा सुरू करावे लागे. चार-पाच वेळा उठल्यावर आम्ही कंटाळून एक कॅच घातला. जो अंक अडखळेल तो सोडून पुढे जावे, एवढाच हेतू. ‘सोडला’ अशी नोंद कोठे करावी, हे ‘पुढे पाहू’ म्हणून राहिले. जे ‘पुढे पाहू’ म्हणून राहते त्याचे काय होते, हे घरबांधणी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

काही महिन्यांनी त्या संगणकाची डिस्क भरली. लेखनिक वही डिस्कवर उतरवू लागला आणि जागा नाही असे त्याला आढळले. अशा वेळी ल्यूसीन काय करते ते पाहण्यासारखे आहे. ती दोन प्रकारच्या आपत्तींत फरक करते. एखादाच मजकूर वाईट असला, शब्द तोडताना त्यातच काही बिघडले, तर तेवढा मजकूर रद्द धरला जातो. बाकीच्यांना धक्का लागत नाही. परंतु डिस्क भरली, स्मृती संपली, वही अर्धी लिहून थांबली, असे झाले, तर लेखनिक त्या घटनेला ‘ट्रॅजिक’ म्हणतो. हा शब्द आमचा नव्हे, ल्यूसीनच्या कर्त्यांचा आहे. शोकांतिका घडली की लेखनिक शेवटच्या पक्क्या नोंदीपर्यंत मागे जातो, स्वतःला बंद करून घेतो, आणि त्यानंतर जो कोणी मजकूर घेऊन येईल त्याला ‘दुकान बंद’ असा लखोटा देतो. त्या लखोट्यात मूळ शोकांतिकेचे कारणही घातलेले असते. अर्धवट वहीवर पुढे लिहीत राहण्यापेक्षा लेखणी खाली ठेवणे बरे, असा तो विचार आहे, आणि तो बरोबर आहे.

आमच्या प्रोग्रॅमने मात्र यांतले काहीच वाचले नाही. पहिला अंक दिला : दुकान बंद. लखोटा खणात. दुसरा दिला : दुकान बंद. तोही खणात. रात्रभर चालणारे काम पाच मिनिटांत आटोपले आणि शेवटी आम्हीच लिहून ठेवलेले वाक्य उमटले, ‘काम पूर्ण’. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते पाहिले आणि, सांगायला लाज वाटते, आमच्या प्रोग्रॅमचा वेग वाढला म्हणून खूश झालो.

याच काळात एक बाई त्या संस्थेत आल्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात एकच लेख छापला होता, त्यांच्या गावच्या विहिरींविषयी, आणि तो याच साप्ताहिकात आला होता. घरातली प्रत १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले त्या पुरात गेली. लेख कोणत्या वर्षीचा हे त्यांना आठवत नव्हते. संस्थेतल्या मुलाने वडिलांचे नाव घालून शोध केला, विहिरी हा शब्द घालून केला, गावाचे नाव घालून केला. तिन्ही वेळा शून्य. तो त्यांना म्हणाला, “आजी, नाही हो आपल्याकडे.” त्या म्हणाल्या, “मग मलाच चुकीचे आठवत असेल,” आणि गेल्या. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. पडद्यावर जे होते ते त्याने वाचले. पण ते शून्य ‘नाही’चे नव्हते, किल्ली हरवल्याचे होते. आमच्या त्या एका ओळीमुळे एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास गमावला.

यावर कोणी म्हणेल की एका लेखाचे ते काय एवढे? तर मग मोठे उदाहरण घ्या. १९९६ च्या ४ जूनला फ्रेंच गियानातील कुरू येथून आरियान-५ हे नवे रॉकेट सुटले आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. चौकशीत आढळले, की दिशा मोजणाऱ्या यंत्रात एक मोठी संख्या लहान जागेत भरताना मावली नाही, एक्सेप्शन आले, आणि ते झेलण्याची सोय तेथे केलेली नव्हती. हा भाग जुन्या आरियान-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. तेथे ती संख्या कधी एवढी वाढतच नसे. राखीव यंत्र होते, पण त्यातही तोच प्रोग्रॅम असल्याने तेही त्याच कारणाने आधीच बंद पडले होते. इथपर्यंतची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. आम्हाला खरी भयंकर वाटते ती पुढची गोष्ट. बंद पडलेल्या यंत्राने आपली तक्रार म्हणून जे आकडे पाठवले, ते मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती म्हणून वाचले आणि त्याप्रमाणे रॉकेट वळवले! लखोट्यालाच उत्तर समजून वाचले गेले. मापाचा फरक सोडला, तर आमच्या शून्याची आणि या आकड्यांची जात एकच.

आम्ही मघाशी विस्कटलेल्या मजकुराचे एक्सेप्शन म्हणालो, त्याचा एक खास मराठी नमुना सांगण्यासारखा आहे. ल्यूसीनच्या सूचीत एका शब्दाला ३२,७६६ बाइटांची मर्यादा आहे. एवढा लांब शब्द कोण लिहितो, असे आपल्याला वाटेल. पण एखाद्याने चुकून सबंध लेखच, शब्द न तोडता, एकसंध म्हणून सूचीत घातला, तर तो सगळा एक शब्द ठरतो. आता इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन बाइट लागतात. म्हणून इंग्रजी मजकूर जेथे बत्तीस हजार अक्षरांपर्यंत चालतो, तेथे मराठी मजकूर अकरा हजार चिन्हांच्या आसपास अडतो. इंग्रजी नमुन्यावर तपासून ‘उत्तम चालते’ असा दाखला मिळालेला प्रोग्रॅम मराठी लेखापुढे असा लखोटा पाठवतो. तो लखोटा वाचला तर दहा मिनिटांत चूक दुरुस्त होते. खणात टाकला तर लहान लेख सापडतात, मोठे लेख सापडत नाहीत, आणि लोक म्हणतात, मराठीत शोध नीट होतच नाही. बिचाऱ्या मराठीवर असले किती आळ आले असतील!

आता दुसरे अंग, थ्रेडचे. थ्रेड म्हणजे धागा. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक कामे चालतात, त्यांतील प्रत्येक काम हा एक धागा. शंभर माणसे एकाच क्षणी शोध घेऊ लागली तर शंभर धागे एकाच सूचीवर काम करणार. यात धोका कोणता? रेल्वेच्या आरक्षणाच्या दोन खिडक्या आणि मध्ये एकच तक्ता अशी कल्पना करा. पहिल्या खिडकीच्या बाबूंनी पाहिले, बत्तीस नंबरची जागा रिकामी. ते तिकीट लिहू लागले. तेवढ्यात दुसऱ्या बाबूंनीही पाहिले, बत्तीस रिकामी. दोघेही प्रामाणिक, दोघांनीही तक्ता पाहिला, आणि गाडीत मात्र एका जागेवर दोन प्रवासी. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये जी फट राहते तीत हा घोटाळा घडतो. उपाय म्हणून एका वेळी एकानेच तक्त्याला हात लावावा असे कुलूप घालता येते. पण कुलूप घातले की बाहेर रांग लागते.

संगणकात याहूनही चमत्कारिक प्रकार घडतो. प्रत्येक धागा तक्त्याची आपली जुनी नक्कल जवळ बाळगून राहू शकतो, आणि वेगासाठी यंत्र लिहिण्याचा क्रमही मागेपुढे करते. त्यामुळे एकाने पुरते बांधलेले घर दुसऱ्याला अर्धेच दिसते. कोणी केव्हा काय पाहावे याचे जावाचे नियम आरंभी ढिले होते. ते २००४ मध्ये, जावाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर, नव्याने आणि काटेकोर लिहिले गेले.

ल्यूसीनने कुलपांवर फार भिस्त ठेवली नाही. तिची सूची एका मोठ्या वहीत नसते; पुष्कळ लहान वह्यांत असते. त्यांना सेगमेंट म्हणतात. एक वही लिहून बांधली, की तिच्यात पुन्हा अक्षरही बदलायचे नाही. एखादा मजकूर रद्द झाला तर वहीत खाडाखोड न करता वेगळ्या चिठ्ठीवर ‘अमुक क्रमांक रद्द’ असे लिहितात. वह्या फार झाल्या की काही एकत्र करून नवी मोठी वही लिहितात, आणि मग जुन्या काढून टाकतात. आमच्या आजोबांच्या पेढीवर किर्दीत खाडाखोड करण्याची बंदी होती. चूक झाली तर नवी उलट नोंद करायची. तोच हा न्याय. जे बदलतच नाही ते हजार जणांनी एकाच वेळी वाचले तरी भांडण कशाचे? म्हणून ल्यूसीनचा शोधक कितीही धाग्यांनी मिळून वापरावा. लेखनिकही सर्वांनी मिळून एकच वापरावा. २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून तर लेखनिकाच्या हाताखाली प्रत्येक धाग्याला आपली वेगळी कच्ची वही मिळते, त्यामुळे एकाची वही डिस्कवर उतरत असताना बाकीच्यांना हात बांधून बसावे लागत नाही. पक्की नोंद करतानाही हीच दक्षता असते : नव्या वह्यांची यादी आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, सगळे डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करायची, आणि मग एका झटक्यात यादीचे नाव बदलायचे. मध्येच वीज गेली तर जुनी यादी जागेवर असतेच.

पण सगळेच असे वाटून घेता येत नाही. वाचकाने टाइपलेला प्रश्न वाचून त्याची फोड करणारा एक भाग आहे, त्याचे नाव क्वेरी-पार्सर. तो थ्रेड-सेफ नाही, असे त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिले आहे. कारण साधे आहे. वाचताना लहान मूल ओळीवर बोट ठेवते, तसे त्याचे एक बोट आहे : आपण कितव्या अक्षरावर आलो ते दाखवणारे. दोन धाग्यांनी एकाच पार्सरला दोन वाक्ये वाचायला दिली तर बोट एकच, ते कोणत्या ओळीवर ठेवणार? कधी एक्सेप्शन येते, ते परवडले. कधी दुसऱ्याच्याच वाक्याचा तुकडा आपल्या वाक्यात येतो आणि विचारलेच नाही त्याचे उत्तर मिळते, तेही अगदी शांतपणे. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्ही काटकसर म्हणून एकच पार्सर सर्वांना मिळून दिला होता. घरी तपासताना एकटेच होतो, सगळे सुरळीत. उद्घाटनाच्या दिवशी मंडळी जमली, सहा-सात जण एकदम शोधू लागले, आणि एका सद्गृहस्थांनी ‘दुष्काळ’ विचारले तर त्यांना शेजाऱ्याचे लग्नसमारंभ दिसू लागले. लोक हसले, आम्हीही हसलो. घरी जाऊन मात्र झोप आली नाही. प्रत्येक प्रश्नाला नवा पार्सर द्यायला जवळजवळ काही खर्च येत नाही.

एक्सेप्शन आणि थ्रेड हे दोन्ही प्रवाह जेथे एकत्र येतात तेथे खरा भोवरा आहे. त्याची दोन-तीन ठिकाणे दाखवतो.

एखाद्या सभागृहात कार्यक्रम संपल्यावर शेवटी जाणाऱ्याने दिवे मालवावे असा रिवाज असतो. ल्यूसीनमध्ये सूचीच्या वाचकाला असाच मोजणीचा नियम आहे. आत येणारा धागा आकडा एकाने वाढवतो, जाणारा एकाने कमी करतो, आकडा शून्य झाला की दिवे बंद. आता एखादा धागा आत असताना एक्सेप्शन आले आणि तो खिडकीतून उडी मारून गेला, आकडा कमी न करता, तर काय होईल? दिवे कधीच मालवणार नाहीत. जुन्या वह्या उघड्याच राहतील, दिवसेंदिवस साचतील, आणि एके दिवशी संगणक म्हणेल, आता आणखी फाइल उघडता येत नाही. उलट एखादा दोनदा कमी करून गेला, तर इतर लोक बसलेले असताना अंधार. म्हणून जावात ‘फायनली’ नावाची जागा आहे. तेथे लिहिलेले काम, माणूस दारातून गेला काय आणि खिडकीतून गेला काय, होतेच. आकडा कमी करणे त्या जागेत, आणि एकदाच, लिहायचे.

दुसरे ठिकाण अधिक कपटी. जावात एका धाग्याला बाहेरून ‘पुरे कर’ असे सांगता येते. त्याला इंटरप्ट म्हणतात. शोध फार लांबला तर वाचकाला ताटकळत ठेवू नये म्हणून पुष्कळ जण हा उपाय योजतात. परंतु २००२ साली जावा १.४ बरोबर फाइल वाचण्याची जी नवी रीत आली, तीत एक विचित्र कलम आहे. वाचत असलेल्या धाग्याला ‘पुरे कर’ म्हटले, तर तो ज्या वाटेने वाचत होता ती वाटच बंद होते, आणि ती वाट सर्व धाग्यांच्या सामाईकीची असते. म्हणजे वाचनालयातल्या एका रेंगाळलेल्या वाचकाला ‘आता घरी जा’ म्हटले, तर तो जाताना दाराला कुलूप घालून किल्ली घेऊन गेला! आत बसलेल्या निरपराध वाचकांना एकामागून एक लखोटे मिळू लागतात, आणि त्यांनी तर काहीच केलेले नसते. ल्यूसीनची या रीतीने फायली वाचणारी जी शाखा आहे, तिच्या कागदपत्रांत हा इशारा ठळक दिलेला आहे. तो वाचण्याची सवड आम्हाला अपघात झाल्यानंतर मिळाली.

तिसरे, डिस्कवरची फाइल जणू स्मृतीतच आहे असे मानून वाचण्याची रीत. हल्लीच्या संगणकांवर ल्यूसीन सहसा हीच वापरते. तीत वरचा कुलपाचा त्रास नाही. पण जुन्या काळी एक धागा वाचत असताना दुसऱ्याने ती फाइल काढून घेतली, तर एक्सेप्शन येण्याचीही सवड नसे; सबंध जावा यंत्र जागच्या जागी कोसळे, आणि लखोटा लिहिणाराच उरत नसे. २०२४ च्या मार्चमधील जावा २२ मध्ये पक्क्या झालेल्या नव्या सोयीमुळे आता अशा वेळी वाचणाऱ्याला रीतसर लखोटा मिळतो, की ही वही बंद झाली आहे. यंत्र मरण्याऐवजी बोलू लागले. आमच्या दृष्टीने ही प्रगती वेगापेक्षा मोठी आहे.

हे सारे बरोबर चालते याची खात्री ल्यूसीनचे लोक कशी करून घेतात, तेही ऐकण्यासारखे आहे. त्यांच्या तपासणीत एक खोटी डिस्क असते. ती मुद्दाम, अवेळी, वाटेल तेव्हा ‘मी भरले’ म्हणते, लिहिता लिहिता चुकते, वीज गेल्याचे सोंग करते; आणि शेवटी कोणी फाइल उघडी टाकून गेला असेल तर त्याची चहाडीही करते. ही अवेळ फाशांनी ठरते, पण फासे कोणत्या बीजापासून पडले ते लिहून ठेवलेले असते, म्हणजे एकदा सापडलेली चूक पुन्हा तशीच घडवून पाहता येते. अनेक धागे असले की मात्र बीज असूनही तोच क्षण पुन्हा हाती लागेलच असे नाही. काही चुका अशा वर्षानुवर्षे चकवा देतात.

आमच्या चुकीची समाप्ती सांगून आम्ही थांबतो. डिस्क भरल्याचे आम्हाला दुसऱ्याच एका कारणाने कळले. तो कॅच उघडून पाहिला तेव्हा किती लखोटे गडप झाले होते याचा अंदाज आला. आम्ही सूची मुळापासून नव्याने केली. सुटलेल्या अंकांची यादी आता दररोज सकाळी कागदावर निघते, आणि ज्या दिवशी सूची अपुरी असेल त्या दिवशी पडद्यावर शून्याऐवजी वाक्य येते : ‘सूची पूर्ण नाही, हा मजकूर आहे की नाही, आज सांगता येत नाही.’ संस्थेच्या कार्यवाहांना हे वाक्य आवडले नाही. लोकांना वाटेल आपले यंत्र बिघडले आहे, असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, बिघडलेलेच आहे, त्या दिवसापुरते. थोडी वादावादी झाली, पण वाक्य राहिले.

नव्या सूचीत विहिरी हा शब्द घातला, तर पहिल्याच ओळीत तो लेख येतो. दीड पानाचा आहे. गावच्या अकरा विहिरी, त्यांची नावे, कोणत्या उन्हाळ्यात कोणती आटली, हे सगळे त्यात आहे. त्या बाईंचे नाव संस्थेच्या भेटवहीत आहे, पत्त्याच्या रकान्यात मात्र नुसते ‘पुणे’ एवढेच आहे. आम्ही पुष्कळ चौकशी केली, थांग लागला नाही. म्हणून हे येथे चार लोकांत सांगितले. वडिलांचा विहिरींवरचा लेख शोधणाऱ्या बाई कोणाच्या माहितीत असतील, तर कृपा करून त्यांना निरोप द्यावा, की आपले आठवणे बरोबर होते, लेख सापडला आहे. सभा संपल्यावर आम्ही येथेच, पाण्याच्या माठाजवळ, उभे आहोत.